जोडून लिहा!

पस्तीस वर्षं मी सोलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवलं. म्हणजे नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, तर प्रामाणिक उत्तर एवढंच, की लाल शाईनं दोन शेरे मारले. पहिला : ‘शब्दयोगी अव्यय जोडून लिहा.’ ‘घरा मध्ये’, ‘झाडा खाली’, ‘शाळे समोर’ असं तोडून लिहिणाऱ्या पोरांचे दोन-दोन गुण मी निर्दयपणे कापले. दुसरा शेरा : ‘शब्द मोजत बसू नये.’ एका पोरानं निबंधाखाली ‘एकूण शब्द १५२’ असं लिहून त्याला चौकट काढली होती. त्याला भर वर्गात उभं करून मी म्हणालो होतो, “अरे, निबंध लिहितोयस की शेंगदाणे मोजून देतोयस?” वर्ग हसला. मीही हसलो. पोरगा हसला नाही. तो हे सगळं जपून ठेवत होता, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

२०२३ चा ऑक्टोबर संपत आला होता. पुण्याहून पुतणीचा फोन आला.

“काका, तुम्ही कादंबरी लिहिणार होतात ना?”

तो ‘होतात’ मला लागला. मी लिहिणार ‘होतो’ नाही, लिहिणार ‘आहे’. १९८८ पासून आहे. आमच्या घरात ही कादंबरी म्हणजे वरच्या मजल्यासारखी आहे. पुढेमागे बांधू म्हणून गच्चीवर सळया उभ्या सोडल्यात, त्यांना गंज चढलाय, आणि सध्या त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात.

पुतणी म्हणाली, “नोव्हेंबरात जगभर लोक एका महिन्यात कादंबरी लिहितात. ३० दिवस, ५०,००० शब्द. रोज १,६६७. नॅनोरायमो म्हणतात.”

“बक्षीस?”

“नाही.”

“परीक्षक?”

“नाहीत. कुणी वाचतसुद्धा नाही.”

कुणी वाचत नाही म्हटल्यावर मला धीर आला. मी होकार दिला.

तिनं सगळा इतिहास सांगितला. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणानं आपल्यासह २१ जणांचं टोळकं जमवून हा उद्योग सुरू केला. पहिल्या वर्षी महिना होता जुलै. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो नोव्हेंबरात नेला, कारण नोव्हेंबरात तिकडची हवा वाईट, माणूस घराबाहेर पडत नाही, मग निमूट लिहितो. हे ऐकताच मला पुढचं अरिष्ट दिसायला हवं होतं. आमच्याकडे उलटं आहे. सोलापुरात मे महिन्यात बाहेर पडलेला माणूस पापडासारखा भाजून परत येतो. वर्षभर घरात दडून बसलेलं हे गाव बाहेर पडतं तेच मुळी नोव्हेंबरात. जो महिना अमेरिकनांनी घरात बसण्यासाठी निवडला, त्या महिन्यात आमच्याकडे घरात बसलेल्या माणसाची लोक तब्येत विचारायला येतात.

शेजारचे अण्णा तसेच आले. अण्णा पूर्व भागातले, घरी तेलुगू, दारी मराठी, उभा जन्म यंत्रमागावर टॉवेल काढण्यात गेलेला.

“काय घेतलंय म्हणे सर तुम्ही?”

“नॅनोरायमो.”

“नॅनो? ती गाडी तर बंद पडली की!”

“गाडी नाही हो अण्णा. कादंबरी. रोज १,६६७ शब्द.”

अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे पीसवर काम! मग सोपं आहे. धागा तुटू द्यायचा नाही, कांडी संपायच्या आत दुसरी भरून ठेवायची, आणि माग चालू असताना कुणाशी बोलायचं नाही.”

कादंबरीलेखनावर इतकं नेमकं मार्गदर्शन मी एम. ए. ला असतानाही ऐकलं नव्हतं. ते देऊन अण्णा दीड तास बोलत बसले. (पुढे २०२५ साली ती अमेरिकन संस्थाच बंद होत असल्याचं जाहीर झालं. मी ते अण्णांना सांगितलं. “मी म्हटलं नव्हतं, नॅनो बंद पडली?” ते म्हणाले.)

पुतणीनं उदाहरणांचाही मारा केला होता. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली ‘कोसला’ पंधरा-वीस दिवसांत लिहून काढली. मी म्हणालो, ते तेव्हा पंचविशीचे होते, मी सहासष्टीचा आहे. तिनं लगेच दस्तयेव्हस्की काढला. एका धूर्त प्रकाशकाशी त्यानं करार केला होता. १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षं त्याची पुस्तकं प्रकाशकानं फुकट छापायची. तेव्हा १८६६ च्या ऑक्टोबरात २६ दिवसांत ‘जुगारी’ त्यानं एका लघुलेखिकेला तोंडी सांगून पुरी केली.

ही कल्पना मला एकदम पटली. स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, “अगं, मी सांगतो, तू लिहून घे. दस्तयेव्हस्कीनं असंच केलं होतं.”

ती उखळात शेंगाची चटणी कुटत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, “त्या बाईला पगार होता का?”

“होता. शिवाय पुढे त्यानं तिच्याशी लग्नही केलं.”

“म्हणजे पगार बंद केला!”

मी मुकाट्यानं दोनशे पानी वही घेऊन ओसरीवर आलो.

आता खरं तर गुपचूप लिहायला बसायचं. पण याच सोलापुरात राहिलेल्या त्र्यं. वि. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. त्यांनी नगरीचा डांगोरा पिटला, मी स्वतःचा पिटला. वाचनालयात सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं, सिद्धेश्वर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळाला सांगितलं. संकल्प सोडण्यात जी मजा आहे, ती तो पाळण्यात नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पहिला शब्द लिहिण्याआधी तीन ठिकाणी माझं अभिनंदन झालं आणि एका ठिकाणी चहा मिळाला.

त्याची किंमत पुढे महिनाभर मोजली. दूधवाला बरणीत माप ओतताना विचारी, “काय सर, कादंबरी लिहूलालाव म्हणे? किती झाली?” घरात बाळंतीण असल्यासारखी सगळी गल्ली चौकशी करू लागली. न्हाव्यानं तर अट घातली, “आमचं नाव घाला, पण पात्र वाईट असलं तर भावाचं घाला.”

१ नोव्हेंबर, बुधवार. पहाटे उठलो. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घालून बैठक केली. पेनात शाई भरली. वहीवर ‘श्री’ काढला. हा एक शब्द धरावा की नाही, यावर वीस मिनिटं विचार केला आणि धरला. मग लिहिलं : ‘सोलापूरच्या उन्हात ती उंच चिमणी एकटीच उभी होती.’ मोजलं, आठ शब्द. ‘श्री’ धरून नऊ. उरले १,६५८. संध्याकाळपर्यंत चिमणी तशीच उभी होती. तिच्या पायथ्याशी कुणाला आणावं, हे सुचत नव्हतं. शेवटी अण्णा आले. म्हणाले, “मिलची चिमणी? अहो, तिच्याखाली मरणाची गर्दी असायची पाळी सुटली की. तुम्ही एवढी एकटी कशी केली?”

दुसऱ्या दिवशी विश्वचषकातला सामना. एवढा एक बघू, मग लिहू, असं ठरवलं. श्रीलंका ५५ धावांत गारद झाली. त्या दिवशी माझे ५३ शब्द झाले. श्रीलंकेला निदान समोर बुमराह, सिराज, शमी होते. मला कुणीही गोलंदाजी करत नव्हतं.

पाच तारखेला विराट कोहलीनं वाढदिवसाला ४९ वं शतक काढलं. त्याला दाद म्हणून मी लिहिलं नाही.

मग दिवाळी. वसुबारस ९ तारखेला, लक्ष्मीपूजन १२ ला, पाडवा १४ ला, भाऊबीज १५ ला, आणि त्याच १५ ला उपांत्य सामना. जगातल्या कुठल्या कादंबरीकारासमोर ओवाळायला आलेली बहीण, टीव्हीवर पन्नासावं शतक आणि ताटात अनारसे एकाच वेळी आले असतील? दस्तयेव्हस्कीच्या मागे फक्त सावकार होते.

आणि या सगळ्याच्या आरपार आमचं पाणी. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं आणि येतं ते बहुधा रात्री दोनच्या सुमारास. प्रतिभा आणि पाणी दोन्ही मध्यरात्रीनंतर येतात. दोन्ही एकदम आलं, तर आधी पाणी भरावं लागतं. कारण प्रतिभा पुन्हा येईल, पाणी चार दिवसांनी. सारा ग्रुएन नावाच्या लेखिकेच्या ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ या गाजलेल्या कादंबरीचा पहिला खर्डा अशाच एका नोव्हेंबरातला, असं पुतणीनं उत्साहानं सांगितलं. मी म्हणालो, हत्तींना पाणी देण्याइतकी ऐपत असलेल्या देशात कादंबऱ्या होणारच. इथं माणसांची बॅरलं भरताना पहाट होते.

पण त्या बॅरलांनीच मला तारलं. एका रात्री ओल्या बनियनवर, पाइप अजून डाव्या हातात, मी उजव्या हातानं लिहीत सुटलो. माझा नायक सिद्राम उठतो. मोटार लावतो. पाइप निसटतो. शेजारी ओरडतो. पहिलं बॅरल, दुसरं बॅरल, हौद, मग बादल्या, मग तांब्या, मग वाट्यासुद्धा. मोजलं तर ३४०! एका पाणी भरण्याला ३४० शब्द पडतात, हा शोध मला आर्किमिडीजच्या शोधाच्या तोडीचा वाटला. अंगही ओलंच होतं. तेव्हापासून कथानक अडलं की सिद्रामच्या नळाला पाणी येऊ लागलं. त्याचं लग्न ठरायच्या वेळी आलं, वडील वारले तेव्हा आलं, एकदा तर तो मुंबईच्या लोकलमध्ये होता तरी आलं. संबंध कादंबरीत तो अकरा वेळा पाणी भरतो. ते वाचून अण्णा हळहळले, “बिचाऱ्याच्या भागात तरी जोरात येतं.”

तरी १६ तारखेला हिशोब केला तो ६,१०० शब्दांचा. महिना अर्धा उलटलेला. पुतणीला फोन केला.

“हे बघ, एसटीत मला अर्धं तिकीट आहे.”

“मग?”

“मग कादंबरीतही ज्येष्ठ नागरिकाला अर्धं असायला हवं. पंचवीस हजार.”

ती बराच वेळ हसली आणि कबूल झाली. मला त्यात आणखी सवलत हवी होती. “शिवाय मराठीवर अन्याय आहे यात. ‘गावातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढ्याला ‘ईव्हन टु दोज इन द व्हिलेज’ असे सहा लागतात. म्हणजे आमच्या एका शब्दाचे त्यांचे सहा. त्या भावानं माझी कादंबरी जवळजवळ झालीच आहे.”

“काका, हा काय डॉलर आहे का?” म्हणून तिनं फोन ठेवला.

डॉलर नव्हता, पण विचार डोक्यातून जाईना. १९ तारखेला अंतिम सामना आपण हरलो. गल्लीत सुतकी शांतता. फटाके परत पिशवीत गेले. त्या काळोख्या रात्री, माणूस खचलेला असताना, सैतान माझ्या कानाशी आला. त्यानं फार मोठं काही मागितलं नाही. म्हणाला, “एवढी एक फट ठेव.”

मी वही उघडली आणि ‘टेबलावर’ या शब्दात हळूच एक रेघ मारली. टेबला । वर. दोन शब्द.

आजूबाजूला पाहिलं. कुणीही नव्हतं.

पुढचं लिहायला मला लाज वाटते. पण कबुली अर्धवट नसावी. त्या रात्री मी फक्त शब्दयोगी अव्ययं तोडली. ‘आईसाठी’ होती तिची ‘आई साठी’ केली, ‘घरापर्यंत’चं ‘घरा पर्यंत’. दुसऱ्या दिवशी ‘च’ आणि ‘ही’ सुटे केले. तिसऱ्या दिवशी विभक्तीच्या प्रत्ययांवर हात गेला : ‘चिमणी ला’, ‘गावा त’, ‘खिडकी तून’. पस्तीस वर्षं ज्यांचं लग्न लावून दिलं, त्यांना मी रोज रात्री काडीमोड देत होतो. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात! नायकाचंही नाव सिद्राम राहिलं नाही. ‘श्री. सिद्राम मल्लिनाथ पाटील’ असं दर वेळी पूर्ण लिहू लागलो. त्याची बायको त्याला अंधारात हाक मारते तीसुद्धा ‘अहो श्री. सिद्राम मल्लिनाथ पाटील’ अशी.

२३ ला कार्तिकी एकादशी. पंढरपूर इथून सत्तरेक किलोमीटर, त्यामुळे कर्नाटकाच्या बाजूचे आमचे सात नातेवाईक वाटेवर आमच्याकडे उतरले. त्यांतले एक काका रात्री वही चाळत होते. म्हणाले, “लिहिलंय छान. पण तू शाळेत मराठीच शिकवायचास ना?” मी त्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली आणि विषय बदलला. त्याच रात्री वहीच्या एका पानावर चटणीच्या तेलाचा डाग पडला, तळहाताएवढा. शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत कुटतात. मी तीन आठवडे शब्द कुटत होतो. माझ्या हस्तलिखिताला तेल सुटलं ते एवढंच.

२९ तारखेला वह्या घेऊन मी एका डीटीपीच्या दुकानात गेलो. संगणकावर आल्याशिवाय शब्दांचा अधिकृत आकडा कळणार नव्हता. काउंटरमागचा दाढीवाला तरुण एकदम उभा राहिला. पाया पडला.

“सर! ओळखलंत का? दहावी ब. मागचा बाक.”

मी ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं केलं. शिक्षकांना ती सवय असते.

“सर, तुमचं काम म्हणजे माझं काम. मी स्वतः बसतो. उद्या रात्री या.”

मी घरच्या घरी तीनदा मोजलं. २५,०१६. सोळा शब्द तर अक्षरशः दक्षिणा म्हणून जास्त ठेवले होते. ३० तारखेला रात्री नऊला दुकानात गेलो, तेव्हा गल्लीतले चौघे सोबत होते, अण्णा धरून. पेढे घेतले होते. पोराचे डोळे लाल, समोर चहाचे सहा रिकामे कप. रात्रभर बसला होता.

“झालं सर.”

“शब्द किती?”

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला : २२,१४०.

मी चष्मा पुसला. आकडा तोच होता. “अरे, मशीन चुकतंय. पंचवीस हजारांवर आहेत.”

पोराचा चेहरा फुलला. इतका अभिमान मी त्याच्या तोंडावर शाळेत कधी पाहिला नव्हता.

“मशीन बरोबर आहे सर. वह्यांत फार चुका होत्या, वयामुळे होतं. ‘टेबला वर’, ‘आई साठी’, सगळं तुटलेलं. मी एकूणएक जोडून टाकलं. आणि ते नायकाचं पूर्ण नाव दर वेळी आलं होतं, तिथं नुसतं ‘सिद्राम’ ठेवलंय. एक शब्द सोडला नाही सर.” मग तो किंचित लाजला. “तुम्ही माझे दोन मार्क कापले होते. आठवतं? निबंधाखाली मी शब्द मोजून लिहिले होते, १५२.”

दुकानात शांतता पसरली. अण्णांनी पेढ्यांचा पुडा हळूच पाठीमागे नेला.

मी काय बोलणार? रागावलो असतो तर पस्तीस वर्षं वाया. शाबासकी दिली असती तर एक महिना वाया. खिशात हात घातला तर सवयीनं लाल पेनच हाताला लागलं. त्याच्या बिलावर मोठ्ठं ‘उत्तम’ लिहिलं आणि खाली सही केली. बिल पानांवर होतं. शब्द जोडल्यामुळे पानं कमी भरली होती, ऐंशी रुपये वाचले. ते मी पेढ्यांत धरले, पुडा अण्णांच्या हातून घेतला आणि त्या पोराला पहिला पेढा दिला.

घरी आलो. ही जागी होती.

“झाली का पूर्ण?”

“पूर्ण नाही झाली,” मी म्हणालो. “शुद्ध झाली.”

तिनं मान डोलावली आणि अंगावर चादर ओढली. “मग झोपा आता. दोनला पाणी आहे.”